चार मिनिटांत सहा विमानं: छोट्या फिनलंडने आपलं आकाश कसं राखलं

६ जानेवारी १९४०. दक्षिण फिनलंडमधलं उत्ती नावाचं ठिकाण. दुपारचे बारा वाजलेले, आकाश निरभ्र आणि खाली नजर पोहोचेल तिथपर्यंत बर्फ. सात सोव्हिएत बॉम्बफेकी विमानं एका ओळीत दक्षिणेकडे परत निघाली होती. लेफ्टनंट योर्मा सार्वान्तो आपलं फॉकर घेऊन त्यांच्या मागे लागला. तो एकटा होता आणि त्याच्या विमानाला चार मशीनगन होत्या. त्या सातही विमानांच्या मागच्या बाजूला बसलेले तोफची त्याच्यावर गोळ्या झाडत होते.

सुमारे चार मिनिटांत सार्वान्तोने त्यातली सहा पाडली. सातव्याच्या मागे लागला तेव्हा त्याच्या बंदुका रिकाम्या झाल्या होत्या. ते सातवं विमान पुढे फिनलंडच्या आखाताकडे गेलं आणि तिथे सार्वान्तोचाच सहकारी पेर-एरिक सोव्हेलिअस याने ते गाठून पाडलं. सार्वान्तो परतला तेव्हा त्याच्या विमानाला वीसहून अधिक भोकं पडली होती. पण तो सुखरूप होता.

ही गोष्ट जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आली. तेव्हापासून फिनलंडच्या वैमानिकांबद्दल लिहिताना ‘शूर’, ‘चमत्कार’ असे शब्द सहज वापरले जातात. फिनिश लोकांचा ‘सिसू’ हा शब्दही हमखास येतो. आपल्या ‘चिवटपणा’च्या जवळ जाणारा तो शब्द आहे. चिवटपणा त्यांच्यात होता, यात शंकाच नाही. पण नुसत्या चिवटपणाने चार मिनिटांत सहा विमानं पडत नाहीत. पोलंडचे वैमानिकही चिवट होते आणि सोव्हिएत वैमानिकांतही भेकड माणसं भरलेली नव्हती. मला या विषयाचं जे वेड आहे ते वेगळ्या कारणाने आहे. फिनलंडने ही लढाई युद्ध सुरू होण्याच्या पाच वर्षं आधीपासून लढायला घेतली होती, तीही कागदावर, वर्गात आणि नेमबाजीच्या मैदानावर. खिशात पैसे नसताना डोकं कसं चालवावं, याचा इतका स्पष्ट नमुना विमानयुद्धाच्या इतिहासात फार कमी सापडतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. फिनलंड १९१७ पर्यंत रशियन साम्राज्यात होता. त्या वर्षीच्या ६ डिसेंबरला तो स्वतंत्र झाला. १९३९ मध्ये त्याची लोकसंख्या जेमतेम सदतीस लाख होती. लेनिनग्राड शहर, म्हणजे आजचं सेंट पीटर्सबर्ग, फिनिश सरहद्दीपासून तीस-बत्तीस किलोमीटरवर होतं. स्टालिनला ती सरहद्द मागे ढकलायची होती. वाटाघाटी फिसकटल्या आणि ३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा युद्ध न पुकारताच आत घुसल्या. त्याच दिवशी राजधानी हेलसिंकीवर बॉम्ब पडले. सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोतोव्ह म्हणाले, आम्ही बॉम्ब नाही, उपाशी फिनिश जनतेसाठी अन्न टाकतोय. लोकांनी त्या फुटणाऱ्या बॉम्बना ‘मोलोतोव्हची भाकरीची टोपली’ असं नाव दिलं. या १०५ दिवसांच्या युद्धाला ‘हिवाळी युद्ध’ म्हणतात.

आता आकडे बघा. सोव्हिएत बाजूने या आघाडीवर दोन-अडीच हजारांहून जास्त विमानं उतरली आणि युद्ध लांबलं तशी ती संख्या वाढत गेली. फिनलंडकडे लढण्याजोगी सगळी मिळून शंभर-सव्वाशे विमानं होती. त्यात खऱ्या अर्थाने उपयोगी लढाऊ विमानं छत्तीस, हॉलंडची फॉकर डी-२१. शिवाय दहा ब्रिस्टल बुलडॉग, पण ती दुपंखी विमानं तोवर म्हातारी झाली होती. फॉकरही काही नव्या जमान्याचं विमान नव्हतं. त्याची चाकं आत दुमडत नसत, उडतानाही खालीच लोंबकळत राहत. वेग बेताचा. चांगली गोष्ट एवढीच की ते दणकट होतं, दुरुस्तीला सोपं होतं आणि सूर मारताना डगमगत नसे.

ही छत्तीस विमानं एकाच स्क्वॉड्रनकडे होती, २४ क्रमांकाच्या. तिचा प्रमुख होता गुस्ताव एरिक मॅग्नुसन. या माणसाबद्दल थोडं सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण या सगळ्या कथेच्या मुळाशी तो आणि त्याच्या आधीचा रिचर्ड लोरेन्ट्झ हे दोघे आहेत.

त्या काळात जवळपास सगळ्या हवाई दलांत लढाऊ विमानं तीन-तीनच्या गटाने उडत. बाणाच्या टोकासारखी रचना: पुढे नायक, मागे डावी-उजवीकडे दोघं. संचलनात हे फार देखणं दिसतं. अडचण अशी की विमानं एकमेकांना इतकी चिकटून असतात की मागच्या दोघांची नजर सतत नायकाच्या पंखावर खिळलेली असते, टक्कर होऊ नये म्हणून. मग आजूबाजूला शत्रू कोण बघणार? आणि लढाई सुरू झाली की तिघांचं गणित बसत नाही. एक हल्ला करतो, एक त्याला जपतो, आणि तिसरा नुसता मध्ये येतो.

फिनलंडला मुळात तिघांचे गट परवडणारेच नव्हते. विमानं इतकी कमी की प्रत्येक विमानाने काहीतरी काम केलंच पाहिजे. १९३४-३५ च्या सुमारास त्यांनी वेगळी मांडणी पक्की केली. एकक दोन विमानांचं. दोन जोड्या मिळून चार. या चौघांच्या गटाला ते ‘पार्वी’ म्हणत, ज्याचा शब्दशः अर्थ थवा असा होतो. विमानं एकमेकांपासून ऐसपैस अंतरावर आणि थोडी वरखाली उडायची.

हे समजून घ्यायला सोपी गोष्ट आहे. आपल्या हाताची चार बोटं टेबलावर पसरून ठेवा. प्रत्येक नखाच्या जागी एक विमान. मधलं बोट सगळ्यात पुढे, तो नायक. डावीकडचा वैमानिक उजवीकडे बघतो, उजवीकडचा डावीकडे. म्हणजे प्रत्येक जण स्वतःच्या नाही, तर सोबत्याच्या शेपटीमागचं आकाश राखतो. मोटारसायकल चालवताना आपल्याला आपल्या पाठीमागचं दिसत नाही, पण शेजारच्या लेनमधल्या मित्राच्या मागे ट्रक आला की चटकन दिसतो, तसंच. नायक हल्ल्याला वळला की जोडीदार निमूटपणे त्याच्या मागे जातो, आणि त्याचं काम एकच: नायकाच्या पाठीवर कुणी येऊ द्यायचं नाही.

आज हे वाचताना साधं वाटतं. पण जर्मन हवाई दलाने ही रचना स्पेनच्या यादवी युद्धातल्या अनुभवानंतर स्वीकारली, आणि इंग्रजांना १९४० मध्ये बरेच वैमानिक गमावल्यावर तिचं महत्त्व पटलं. फिनलंडने एक गोळीही न झाडता, केवळ विचार करून, ती आधी शोधली होती. मॅग्नुसन परदेशी तुकड्यांबरोबर राहून, त्यांचं काम पाहून आला होता. पण तिथलं सगळं जसंच्या तसं उचलून त्याने आणलं नाही. आपल्या हातात छत्तीस विमानं आहेत, हे वास्तव त्याच्या डोक्यातून कधी गेलं नाही.

दुसरी गोष्ट नेमबाजीची. आकाशात नेम धरणं हा प्रकार जमिनीवरच्या नेमबाजीपेक्षा अगदी वेगळा. तुमचं विमान हलतंय, समोरचं हलतंय, आणि गोळी पोहोचेपर्यंत ते पुढे सरकलेलं असतं. म्हणून विमान आहे तिथे नाही, तर ते थोड्या वेळाने जिथे असेल तिथे गोळी मारायची. जितकं अंतर जास्त, तितका हा अंदाज चुकण्याची शक्यता जास्त. यावर फिनिश उत्तर सरळ होतं: जवळ जा. अजून जवळ जा. शंभर मीटरच्या आत, जमलं तर पन्नास मीटरवर, समोरच्या विमानाने सगळी काच व्यापून टाकेपर्यंत जा आणि मग छोटी फैर झाड. तिथे अंदाजाचा प्रश्नच उरत नाही. फॉकरच्या लहान मशीनगनसुद्धा त्या अंतरावर पुरेशा ठरतात.

याचसाठी त्यांनी आपल्या वैमानिकांकडून वर्षानुवर्षं सराव करून घेतला. महागडी विमानं घेता येत नव्हती, पण काडतुसं आणि उड्डाणाचे तास यांत हात आखडला नाही. निवडही कडक होती. युद्धाला तोंड फुटलं तेव्हा २४ व्या स्क्वॉड्रनमधला माणूस आपलं विमान अंगावरच्या सदऱ्यासारखं ओळखत होता.

आता उत्तीच्या आकाशात परत चला. त्या सोव्हिएत बॉम्बफेकी विमानांना, त्यांचं नाव डीबी-३, मागून थोडं खालून आलेल्या हल्लेखोराला नीट तोंड देता येत नसे. त्यांच्या पंखांतल्या इंधनाच्या टाक्यांना पुरेसं संरक्षण नव्हतं. हे फिनिश वैमानिकांना पहिल्या काही आठवड्यांतच उमगलं होतं. आधी मागच्या तोफचीला गप्प करायचं, मग इंजिन आणि पंखाच्या बुंध्याशी असलेली टाकी. मागून जवळ जायचं, छोटी फैर, पुढचं विमान. सार्वान्तोने त्या दिवशी नवीन काहीच केलं नाही. जे शेकडो वेळा गिरवलं होतं तेच सहा वेळा केलं.

इथे एक गोष्ट विसरता कामा नये. त्या प्रत्येक विमानात माणसं होती, कुणाची तरी मुलं. सोव्हिएत सेनापतींनी त्यांना लढाऊ विमानांच्या सोबतीशिवाय, ठरलेल्या वाटांवर, भर दिवसा पाठवलं होतं. १९३७-३८ मध्ये स्टालिनने आपल्याच सैन्यातल्या हजारो अधिकाऱ्यांना तुरुंगात टाकलं होतं, अनेकांना गोळ्या घातल्या होत्या. उरलेल्यांत वरिष्ठांना ‘हे चुकतंय’ असं सांगण्याची हिंमत कुठून येणार? त्या सात विमानांच्या शेवटाला सार्वान्तोची नेमबाजी जितकी कारण होती, तितकीच ती भीतीही.

आणि सोव्हिएत बाजूही शिकत गेली. फेब्रुवारीपासून बॉम्बफेकी विमानांबरोबर आय-१६ आणि आय-१५३ ही चपळ लढाऊ विमानं मोठ्या संख्येने येऊ लागली. फिनिश आदेश होता: शत्रूच्या लढाऊ विमानांशी विनाकारण झुंजू नका, तुमचं काम बॉम्बफेकी विमानं पाडण्याचं आहे. पण दर वेळी निवड आपल्या हातात नसते. २९ फेब्रुवारीला रुओकोलाहती इथे सोव्हिएत लढाऊ विमानांनी तळावरून उडत असलेल्या फिनिश विमानांनाच गाठलं आणि काही मिनिटांत अर्धा डझन विमानं गेली. शेवटच्या दिवसांत व्हीपुरीच्या गोठलेल्या आखातावरून सोव्हिएत पायदळ चालत येऊ लागलं, तेव्हा याच फॉकरना खाली उतरून बर्फावरच्या रांगांवर मारा करावा लागला. उघड्या बर्फावर लपायला जागा नव्हती, खालच्यांना आणि वरच्यांनाही.

वैमानिकांची नावं लक्षात राहतात. पण विमान उडण्याआधी आणि उतरल्यानंतर जे घडत होतं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

शत्रू येतोय हे कळायचं कसं? हिवाळी युद्धात फिनलंडकडे रडार नव्हते. होते ते डोळे, दुर्बिणी आणि टेलिफोन. देशभर टेहळणीचे मनोरे आणि घरांची छपरं यांवर लोक बसलेले असत. त्यात ‘लोत्ता स्वार्द’ या स्त्रियांच्या स्वयंसेवी संघटनेच्या मुली मोठ्या संख्येने होत्या. हे नाव एका जुन्या कवितेतल्या सैनिकाच्या बायकोचं आहे, जी नवरा पडल्यावरही पलटणीसोबत राहिली. उणे तीस अंशांच्या थंडीत, उघड्या मनोऱ्यावर उभं राहून आवाज ऐकायचा, किती विमानं, कुठल्या दिशेने, किती उंचीवर, हे ओळखायचं आणि फोनवर कळवायचं. तो फोन वेळेत गेला तर चार फॉकर योग्य जागी, योग्य उंचीवर पोहोचत. नाही गेला तर छत्तीस काय, तीनशे विमानंही उपयोगाची नव्हती. एवढ्या मोठ्या आकाशात मूठभर विमानं पहारा देत फिरत राहिली तर इंधन संपतं, इंजिनं झिजतात आणि शत्रू भलतीकडून निघून जातो. म्हणून विमान जमिनीवर तयार ठेवायचं आणि निरोप आला की उडायचं.

आणि जमिनीवर तयार ठेवायचं म्हणजे काय, तर गोठलेल्या तळ्याच्या काठाशी, देवदारांच्या फांद्यांखाली लपवून. विमानतळ नकाशावर असतात, त्यांच्यावर बॉम्ब पडतात. तळी फिनलंडमध्ये हजारो आहेत आणि हिवाळ्यात प्रत्येक तळं ही धावपट्टीच. संध्याकाळी मेकॅनिक इंजिनातलं तेल काढून घेत, नाहीतर सकाळी ते डांबरासारखं घट्ट व्हायचं. उजाडण्याआधी ते गरम करून परत ओतायचं, इंजिनावर जाड कापड पांघरायचं आणि खाली शेगडी पेटवायची. उघड्या बोटांनी धातूला हात लावला तर कातडी चिकटून निघायची, आणि बारीक स्क्रू तर हातमोजे घालून फिरवता येत नाहीत. वैमानिक दिवसातून तीन-चार वेळा उडू शकला तो या माणसांच्या फुटलेल्या बोटांमुळे.

१३ मार्च १९४० रोजी हिवाळी युद्ध थांबलं. २४ व्या स्क्वॉड्रनच्या नोंदींत सव्वाशेच्या आसपास पाडलेली विमानं आणि गमावलेली बारा फॉकर आहेत. पण फिनलंड युद्ध जिंकला नव्हता. देशाचा सुमारे दहावा हिस्सा, व्हीपुरी शहरासह कॅरेलियाचा मोठा भाग, द्यावा लागला. चार लाखांहून जास्त माणसांनी आपली घरं सोडली. पंचवीस हजारांहून जास्त फिनिश सैनिक मेले होते. वाचलं ते स्वातंत्र्य.

यानंतरचा भाग सांगायला कठीण आहे, पण तो टाळून पुढे जाता येत नाही. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला आणि फिनलंड जर्मनीच्या बाजूने उतरला. २५ जूनला सोव्हिएत विमानांनी फिनिश शहरांवर बॉम्ब टाकले आणि दुसरं युद्ध सुरू झालं. फिनिश लोक त्याला ‘पुढचालू युद्ध’ म्हणतात, म्हणजे गमावलेलं परत मिळवण्याची लढाई. पण फिनिश सैन्य जुनी सरहद्द ओलांडून पूर्व कॅरेलियात शिरलं, आणि तिथे रशियन वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं. त्या छावण्यांत भूक आणि रोगराईने हजारो माणसं मेली. १९३९ मध्ये अन्याय सोसणाऱ्या देशाने १९४१ नंतर काय केलं, हेही याच इतिहासाचं पान आहे. वैमानिकांच्या शौर्याची गोष्ट सांगताना ते पान फाडून टाकणं मला बरोबर वाटत नाही.

फिनिश विमानांवरच्या निळ्या स्वस्तिकाचा खुलासाही इथेच करतो, कारण जुनी छायाचित्रं पाहून आपल्याकडचे वाचक हमखास गोंधळतात. ते चिन्ह हिटलरकडून आलेलं नाही. मार्च १९१८ मध्ये स्वीडनच्या काउंट एरिक फॉन रोझेनने फिनलंडला एक विमान भेट दिलं. त्यावर त्याने आपलं शुभचिन्ह रंगवलं होतं, गोटलंड बेटावरच्या प्राचीन शिलालेखांत पाहिलेलं स्वस्तिक. तेच हवाई दलाचं चिन्ह झालं, नाझी पक्षाने ते उचलण्याच्याही आधी. मात्र हाच फॉन रोझेन पुढे नाझींच्या वर्तुळात वावरला आणि हिटलरच्या हवाई दलाचा प्रमुख गोरिंग याची पहिली पत्नी त्याची मेहुणी होती, हेही खरं. १९४५ मध्ये विमानांवरून ते चिन्ह गेलं आणि त्याजागी निळं-पांढरं वर्तुळ आलं.

या दुसऱ्या युद्धातलं लाडकं विमान म्हणजे अमेरिकन ब्रूस्टर. फिनलंडने डिसेंबर १९३९ मध्ये अशी ४४ विमानं घेतली. ती बोटीने नॉर्वेला, तिथून रेल्वेने स्वीडनमधल्या ट्रोलहेट्टानला आली. तिथे जोडली गेली आणि मग उडवत आणली. हिवाळी युद्धाला ती उशिराच पोहोचली. जगभर हे विमान बदनाम आहे. मिडवेच्या लढाईत अमेरिकन मरीनची ब्रूस्टर जपान्यांनी अक्षरशः झोडपली आणि मलाया-सिंगापूरमध्ये इंग्रजांचाही अनुभव वाईट. फिनलंडमध्ये मात्र त्याला ‘आकाशाचा मोती’ असं नाव मिळालं. थोराड पार्श्वभागावरून एक चावट टोपणनावही होतं.

एकच विमान, दोन इतके वेगळे निकाल कसे? एक कारण असं की फिनलंडला मिळालेलं रूप पुढच्या रूपांपेक्षा हलकं होतं, त्यामुळे ते चपळ राहिलं. दुसरं कारण मेकॅनिकांच्या हातात होतं. ब्रूस्टरचं इंजिन तेल फेकायचं आणि तापायचं. फिनिश मेकॅनिकांनी प्रत्येक पिस्टनवरची एक रिंग उलटी बसवून पाहिली आणि तेलाची तक्रार आटोक्यात आली. एवढी छोटी गोष्ट, पण ती करायला इंजिन उघडून त्याच्यासमोर तासन् तास बसावं लागतं. वैमानिकाच्या पाठीमागे पोलादी पत्रा लावला, नेम धरण्याचं उपकरण बदललं. पुढे सुटे भाग संपत आले तेव्हा लाकडी पंखांचं, ताब्यात घेतलेलं रशियन इंजिन बसवलेलं एक स्वदेशी रूपही बनवलं. त्याचं नाव हुमू. ते एकच तयार झालं.

तिसरं कारण उंचीचं. आकाशात उंची म्हणजे गाठीशी असलेला पैसा. वर असाल तर सूर मारून वेग मिळवता येतो, आणि तो वेग वापरून परत वर जाता येतं. खाली, सावकाश उडत असाल तर तुम्ही कंगाल आहात, गिरक्या घेण्यापलीकडे काही करता येत नाही. सोव्हिएत आय-१५३ गिरक्यांत कुणालाही हरवू शकत असे. म्हणून ब्रूस्टरवाले त्या खेळात उतरतच नसत. एक जोडी वरून सूर मारून येई, फैर झाडून पुन्हा वर जाई, तोवर दुसरी जोडी खाली येई. झोपाळ्यासारखं. खालचा शत्रू कुणाकडे बघावं या विचारातच असे.

या पद्धतीचा सगळ्यात मोठा जाणकार हान्स विंड. त्याने ब्रूस्टरवर ३९ विमानं पाडली, एकूण ७५. १९४३ मध्ये त्याने तरुण वैमानिकांसाठी डावपेचांची व्याख्यानं तयार केली. अनुभव स्वतःपाशी न ठेवता लगेच वर्गात नेणं, हे मला त्याच्या ७५ च्या आकड्याइतकंच मोठं वाटतं.

आणि इल्मारी यूतिलाइनेन. ९४ विमानं: फॉकरवर दोन, ब्रूस्टरवर चौतीस, जर्मन मेसरश्मिटवर अठ्ठावन्न. ४३७ मोहिमा, आणि एकाही शत्रूच्या लढाऊ विमानाची गोळी त्याच्या विमानाला लागली नाही. त्याला एकदा नुकसान सोसून उतरावं लागलं ते आपल्याच विमानविरोधी तोफांमुळे. हा माणूस अधिकारी नव्हता. बढती देऊ केली तर ती नाकारली, कारण अधिकारी झालो तर टेबलामागे बसवतील आणि उडायला मिळणार नाही, अशी त्याला धास्ती होती. मानरहाइम क्रॉस हा सर्वोच्च सन्मान दोनदा मिळालेले केवळ चार जण, त्यात हे दोघेही आहेत. यूतिलाइनेनचा भाऊ आर्ने पायदळात कंपनीप्रमुख होता आणि त्याच्याच कंपनीत सिमो हायहा हा जगप्रसिद्ध नेमबाज होता.

आकड्यांबद्दल थोडी सावधगिरी हवी. ब्रूस्टरवर लढलेल्या २४ व्या स्क्वॉड्रनच्या नोंदींत साडेचारशेहून अधिक पाडलेली विमानं आहेत आणि झुंजीत गमावलेली ब्रूस्टर पंधराच्या आसपास. फिनिश पडताळणी कडक होती. दोघा-तिघांनी मिळून पाडलेलं विमान अपूर्णांकात वाटलं जाई, म्हणून सार्वान्तोच्या हिवाळी युद्धातल्या नोंदीत बाराच्या पुढे पाच षष्ठांश असा आकडा दिसतो. तरीही धूर सोडत खाली गेलेलं प्रत्येक विमान पडतंच असं नाही. ते जंगलावरून सरपटत घरी पोहोचू शकतं. दोन्ही बाजूंच्या कागदपत्रांची तुलना झाल्यावर दावे आणि प्रत्यक्ष नुकसान यांत फरक सापडले आहेत, तसे ते प्रत्येक देशाच्या हवाई दलाच्या बाबतीत सापडतात. म्हणून हे आकडे ‘नोंदीनुसार’ वाचावेत. थोडी काटछाट केली तरी पारडं कुठे झुकतं ते बदलत नाही.

जून १९४४ मध्ये कॅरेलियाच्या संयोगभूमीवर सोव्हिएत सैन्याने प्रचंड हल्ला केला. वर हजाराहून जास्त विमानं. हे १९४० चं सोव्हिएत हवाई दल नव्हतं: विमानं उत्तम, वैमानिक मुरलेले, सोबतीला भरपूर लढाऊ विमानं. फिनिश बाजूला तोवर जर्मन मेसरश्मिट आली होती, रडार होते, शत्रूचं रेडिओवरचं बोलणं ऐकणारी पथकंही होती. पण माणसं तीच मूठभर, दिवसातून अनेकदा उडणारी. १७ जूनला लाउरी निस्सिनेन गेला. उर्हो सार्यामो या त्याच्याच सहकाऱ्याचं तुटलेलं विमान वरून कोसळत आलं आणि निस्सिनेनच्या विमानावर आदळलं. बत्तीस विमानं पाडलेला माणूस, शत्रूच्या गोळीने नाही, मित्राच्या विमानाखाली गेला. २८ जूनला विंड गंभीर जखमी झाला, कसाबसा परत येऊन उतरला आणि पुन्हा युद्धात उडाला नाही. ३० जूनला यूतिलाइनेनने एका दिवसात सहा पाडली. ताली-इहांतालाच्या लढाईत जमिनीवर फिनिश सैन्याने हल्ला रोखला. सप्टेंबरच्या सुरुवातीला बंदुका थांबल्या. कॅरेलिया पुन्हा गेला, यावेळी कायमचा. पण फिनलंडवर परकी सैन्याचा ताबा आला नाही.

आता लाउरी पेकुरीची गोष्ट सांगून थांबतो. २५ जून १९४२ रोजी पूर्व कॅरेलियावर सोव्हिएत वैमानिकांच्या हरिकेन विमानांशी झुंजताना त्याच्या ब्रूस्टरचं इंजिन निकामी झालं. विमानाचा क्रमांक बीडब्ल्यू-३७२. त्याने ते एका लहान तळ्यावर उतरवलं. विमान बुडालं, पेकुरी पोहत काठावर आला आणि जंगलातून वीसेक किलोमीटर चालत आपल्या लोकांत पोहोचला. जून १९४४ मध्ये तो पुन्हा पाडला गेला, आणि त्या वेळी सोव्हिएत कैदेत गेला. तिथूनही परत आला.

युद्धानंतरच्या तहाने फिनिश हवाई दलाला साठ लढाऊ विमानांची मर्यादा घातली. पुढे त्यांनी नॅट नावाची डझनभर जेट लढाऊ विमानं घेतली. हेच ते छोटं नॅट, जे भारतीय हवाई दलात १९६५ आणि १९७१ मध्ये पाकिस्तानी सेबरशी लढलं आणि ज्यातून श्रीनगरवर झुंजताना निर्मलजित सिंग सेखोंना वीरमरण आलं. त्यानंतर फिनलंडकडे मिग-२१ आली, आपल्याकडे नाशिकजवळच्या ओझरला जी वर्षानुवर्षं बनत होती तीच. ३१ जुलै १९५८ रोजी लुओनेत्यार्वी तळावर मेजर पेकुरीने नॅट वर नेलं, सूर मारला आणि ध्वनीचा वेग ओलांडला. फिनलंडमध्ये हे पहिल्यांदाच घडत होतं.

बीडब्ल्यू-३७२ तळ्याच्या तळाशी छप्पन्न वर्षं पडून होतं. १९९८ मध्ये ते वर काढलं गेलं, अमेरिकेत पोहोचलं आणि २००८ मध्ये फिनलंडला परत आलं. त्याला नवा रंग दिलेला नाही, पाण्यातून निघालं त्याच अवस्थेत ते टिक्काकोस्कीच्या संग्रहालयात ठेवलंय. हे संग्रहालय लुओनेत्यार्वीच्या त्याच तळाशेजारी आहे.